स्वयंसेवी उपक्रमाच्या बातमीसाठी प्रसिद्धिपत्रक कसे लिहावे?

उपक्रमाची तारीख, जागा आणि परवानग्या ठरलेल्या आहेत, असे मी धरून चालतो. आपल्या भागाच्या बातम्या देणाऱ्या वार्ताहरांची नावे आणि क्रमांक मिळवून ठेवावेत. नुसते ‘मा. संपादक’ असे लिहून पाठवलेले पत्रक बहुधा कोणाच्याच हाती पडत नाही.

खरी कसोटी पत्रकाच्या पहिल्या वाक्याची असते आणि माझी कित्येक पत्रके तिथेच बाद झाली. ‘पर्यावरण संवर्धनाची निकड ओळखून आमच्या संस्थेतर्फे मान्यवरांच्या उपस्थितीत भव्य स्वच्छता मोहीम आयोजित करण्यात आली आहे’ अशी माझी सुरुवात असे. एका उपसंपादकांनी माझ्यासमोरच ते वाक्य खोडले, तिसऱ्या परिच्छेदातल्या एका ओळीखाली रेघ मारली आणि ‘बातमी ही आहे’ म्हणून कागद परत दिला. ती ओळ अशी होती: नदीपात्रात पावसाळ्यापासून अडकून पडलेली मासेमारीची जाळी ६० स्वयंसेवक रविवारी सकाळी ७ ते ११ या वेळेत बाहेर काढणार आहेत.

तेव्हापासून कोण, काय, कुठे, केव्हा आणि कशासाठी हे सर्व मी पहिल्या दोन वाक्यांतच सांगतो, कारण जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो. मान्यवरांची नावे आधी घ्यावीत, म्हणजे सगळे खूश राहतात, हा सल्ला कृपया ऐकू नका. नावे शेवटीच जावीत, मग कार्यकारिणीतले कोणी रुसले तरी चालेल. ‘भव्य’, ‘शेकडो’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ हे शब्द काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी मोजलेला आकडा लिहावा.

मजकूर युनिकोडमध्ये, थेट ईमेलमध्येच द्यावा. छापील पत्रकाचा फोटो पाठवला, तर तो कोणाला तरी पुन्हा टंकित करावा लागतो, आणि कामाच्या गर्दीत तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. पत्रक चार-पाच दिवस आधी पाठवावे आणि आदल्या दिवशी सकाळी एकदाच फोन करावा. संध्याकाळी पाने लावण्याची घाई असते, तेव्हा फोन करू नये.

छायाचित्र काम चालू असतानाचे हवे. फलक धरून रांगेत उभे राहिलेल्यांपेक्षा चिखलाने माखलेल्या हातांनी जाळे ओढणारे दोघे केव्हाही चांगले. व्हॉट्सॲपवरून पाठवायचे असल्यास ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर त्याचा दर्जा घटतो. छायाचित्राखालच्या ओळीत डावीकडून नावे द्यावीत. मुलांचे चेहरे दिसत असतील, तर पालकांची संमती आधीच घ्यावी.

वार्ताहर आले नाहीत, तर त्याच दुपारी प्रत्यक्ष आकड्यांसह नवे पत्रक पाठवावे. दुसऱ्या दिवशी ते शिळे होते. ६० जण येणार असे कळवूनही ४२ जणच आले असतील, तर ४२ असेच लिहावे.