भातखाचरांवर वसाहत आखताना : पाणी, मलनिस्सारण आणि वीज

ठाण्याजवळच्या शीळ-डायघरच्या बाजूला किंवा पनवेलच्या पूर्वेकडील नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावाखालील अधिसूचित क्षेत्रात) शेतजमिनीवर वसाहत आखताना बहुतेक वेळा आधी इमारती बसवल्या जातात आणि उरलेल्या जागेत वाहिन्या कोंबल्या जातात. हा क्रम उलटा असला पाहिजे. मोजणीचा नकाशा हाती येताच जमिनीच्या पातळ्यांचे सर्वेक्षण करून घ्यावे आणि त्यावर प्रत्येक बांध, ओढा, मोरी आणि विहीर दाखवावी. ज्यांनी ती जमीन कसली त्यांच्याबरोबर आषाढात एकदा शिवार फिरावे. पाणी कोणत्या बांधावरून उतरते आणि कुठे तुंबते हे त्यांना जितके ठाऊक असते, तितके एप्रिलमध्ये केलेल्या सर्वेक्षणातून कळत नाही.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सर्वांत आधी मांडावा. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4,047 चौरस मीटर. ताशी 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर एवढ्या जागेवर तासाभरात चार लाख लिटर पाणी पडते. खाचरे असताना त्यातले बरेचसे बांधाआड थांबते आणि सावकाश पुढे सरकते, पण तेथे छपरे आणि काँक्रीटचे रस्ते झाले की जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत गटारात येते. त्यामुळे बांधांनी आजवर केलेले काम साठवण तलाव, शोषखड्डे आणि मोकळी जमीन यांच्याकडे सोपवावे लागते. खाडीलगतच्या जमिनीत आणखी एक अडचण असते : पावसाळ्यातील उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि त्या वेळी नाल्याचे पाणी खाडीत उतरतच नाही. नवी मुंबईच्या सखल भागात सिडकोने धारण तलाव आणि भरतीला आपोआप मिटणारी झडपदारे बसवली, ती याच कारणासाठी. आपल्या नाल्याचे मुख भरतीच्या पातळीखाली असेल, तर भरती ओसरेपर्यंतचे पाणी साठवण्याची जागा आराखड्यात आधीच राखून ठेवावी. केवळ भराव टाकून प्रश्न सुटत नाही. एका ठिकाणी भरावाखाली ओढा बुजवल्यानंतर पहिल्याच पावसात शेजारच्या पाड्यातील घरांत गुडघाभर पाणी शिरलेले मी पाहिले आहे, आणि नकाशावर तो ओढा स्पष्ट दाखवलेला होता.

पिण्याच्या पाण्याचा स्रोत इमारतींची संख्या ठरवण्यापूर्वी लेखी निश्चित करावा. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे आहे. तिच्या हद्दीबाहेरच्या वसाहतीने ते पाणी आपल्याला आपसूक मिळेल असे धरून चालू नये. दरडोई 135 लिटरचे प्रमाण आणि घरटी पाच माणसे धरली, तर 200 घरांना रोज 1,35,000 लिटर पाणी लागते. बांधकामाच्या काळात टँकरवर भागते, म्हणून पुढेही भागेल असे मानणे म्हणजे राहायला येणाऱ्या कुटुंबांवर कायमचा खर्च लादणे आहे. भूमिगत टाकीत अग्निशमनासाठीचा साठा वेगळा धरावा.

पुरवलेल्या पाण्याचा सुमारे 80 टक्के भाग सांडपाणी म्हणून परत येतो, म्हणजे वरील उदाहरणात रोज 1,08,000 लिटर. ते दिवसभर सारख्या वेगाने येत नाही. लहान वसाहतीत सकाळचा लोट सरासरीच्या तिप्पट धरून वाहिनीचा आकार ठरवतात. मलवाहिनी उतारावरच चालते आणि तिच्यातील वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली गेला तर गाळ बसतो. म्हणून सर्वांत आधी तिची पातळी ठरवावी आणि बाकीच्या वाहिन्या तिला सांभाळून बसवाव्यात. सांडपाणी प्रक्रिया केंद्र सखल कोपऱ्यात, पण पुराच्या पातळीच्या वर असावे, आणि शुद्ध केलेले पाणी शौचालयांत व बागेत फिरवण्यासाठी दुसरी वाहिनी पहिल्या दिवसापासून टाकावी, कारण घरे भरल्यावर ती टाकणे फार महाग पडते. एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते आणि तेथे या सर्व हिशेबांची विचारणा होते.

विजेसाठी महावितरणकडे, शीळ-मुंब्रा-कळवा भागात टोरंट पॉवरकडे, एकूण भार आधी कळवावा आणि रोहित्रासाठी (ट्रान्सफॉर्मरसाठी) रस्त्यालगत, पाणी न साचणारी जागा सोडावी.

रस्त्याखाली कोणती वाहिनी कुठे आणि किती खोल असेल हे दाखवणारा आडव्या छेदाचा नकाशा काढल्याशिवाय खोदकाम सुरू करू नये. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून दूर आणि तिच्या वरच्या पातळीवर असावी, वीज व गॅस यांच्यात पुरेसे अंतर असावे, आणि रस्ता ओलांडणारे रिकामे पाइप डांबरीकरणापूर्वीच टाकून ठेवावेत. काम झाल्यावर प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचा, खोली आणि पातळ्यांसह काढलेला नकाशा सोसायटीच्या ताब्यात द्यावा आणि प्रत्येक वळणावर खुणेचा दगड रोवावा.