मेडनसाठी भांडायला बसण्याआधी

२०२३ ला आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या कलाकारांच्या मानाच्या यादीच्या, नॉमिनेशनमध्ये येऊन दुसऱ्यांदा कटलं, त्या रात्री दादरला मित्राच्या गच्चीवर आमचा एवढा राडा झाला की खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर वर आले. दोन तास बोंबलून हाती घंटा, कारण नियम एकालाही माहीत नव्हते, जो तो आपापल्या कॉलेजच्या आठवणी घेऊन भांडत होता. तेव्हापासून काही गोष्टी पाळतो, त्या सांगतो.

आधी वर्ष मोजा. पहिलं रेकॉर्ड बाजारात येऊन २५ वर्षं झालेली पाहिजेत, आणि पहिलं म्हणजे पहिलंच, गाजलेलं नाय. आर्क्टिक मंकीज बँडचं पहिलं ईपी, म्हणजे दोन-चार गाण्यांचं छोटं रेकॉर्ड, २००५ चं, म्हणजे २०३० पर्यंत त्यांच्यासाठी घसा कोरडा करू नका, चहा प्या.

"हे कुठे रॉक आहे" हा मुद्दा तर काढूच नका. १९८६ च्या पहिल्याच बॅचमध्ये एल्व्हिस आणि चक बेरीच्या बाजूला सोल गाणारे रे चार्ल्स आणि जेम्स ब्राउन बसलेत, त्यामुळे रॅपर जे-झी किंवा कंट्रीवाली डॉली पार्टनवर नाक मुरडणारा पहिल्याच बॉलवर आउट.

आता गर्दीचं. आमच्यात एक जण दरवेळी "स्टेडियम भरलं होतं भाई" एवढंच म्हणतो. त्याला २०२० सांगा. डेव्ह मॅथ्यूज बँड पब्लिकच्या व्होटिंगमध्ये दहा लाखांवर मतं घेऊन पहिला आला आणि तरी बाहेरच राहिला, आत गेला २०२४ ला. कारण पब्लिकची सगळी मतं मिळून एकच मतपत्रिका धरतात, बाकी हजाराच्या वर मतं कलाकार, इतिहासकार आणि इंडस्ट्रीवाल्यांची. २००८ ला बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर मी पण मेडनला बघितलंय, त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन बँडचं विमान स्वतः उडवत त्या टूरवर निघालेला, ती रात्र मरेपर्यंत विसरणार नाय, पण तो पुरावा नाय ना.

पुरावा कसा शोधायचा? बँडला इतिहासातून खोडून बघायचं आणि मागे काय काय पडतं ते मोजायचं. डीप पर्पल हा बँड घ्या. माझा भाचा गिटार क्लासला लागला आणि तिसऱ्याच दिवशी घरी येऊन पलंगावर मांडी घालून एका तारेवर 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवायला लागला, टॅण टॅण टॅssण, मध्येच बोट घसरलं की परत पहिल्यापासून, आणि बँड कोणता विचारलं तर म्हणे सरांनी सांगितलं नाय. १९७२ ची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, बँडचं नाव माहीत नसलेल्या पोराच्या बोटात. हा झाला पुरावा. आणि एवढं असून १९९३ ला लायक ठरलेला बँड आत गेला २०१६ ला, तोवर कीबोर्डवाला जॉन लॉर्ड जाऊन जवळपास चार वर्षं झाली होती.

इथे मी नेहमी मुंबईचा स्पिनर पद्माकर शिवलकर काढतो. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट्स, आणि टेस्ट एकही नाय, कारण बेदी. मुंबईकराला हे लगेच टोचतं. पण समोरचा हुशार असेल तर म्हणेल की टीममध्ये अकराच जागा असतात, हॉलमध्ये तसं काय नाय, कोणाला काढावं लागत नाय. बरोबर आहे त्याचं, मान्य करा. फक्त लगेच सांगा की दरवर्षी थोडीच नावं घेतात, म्हणजे भांडण जागेचं नाय, रांगेचं आहे, तर रांगेत तुझा बँड माझ्या बँडच्या पुढे का, ते बोल. बहुतेक जण इथेच अडकतात.

ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडवर मात्र वेळ ठेवा. दोनदा मतदानात पडले आणि २०२२ ला म्युझिकल एक्सलन्सच्या नावाखाली आत, तिथे पब्लिक किंवा बाकीच्यांचं मत लागत नाय, कमिटी ठरवते. हे खरं आत जाणं का मागच्या दाराने? माझं म्हणणं मागचं दार, आणि चिडतो मी ते आत गेल्यावर नाय, त्यांना पुढून घेतलं नाय म्हणून.

शेवटी कोणीतरी पत्ता टाकतोच की अरे खुद्द डिकिन्सननेच या हॉलला जाहीर शिव्या घातल्यात, तुम्ही कोणासाठी मरताय. गडबडू नका. सेक्स पिस्तल्स या पंक बँडने २००६ ला घाणेरडं पत्र पाठवून यायला नकार दिला, तरी यादीत नाव आहेच. नको म्हटल्याने लायकी जात नाय.

आणि अकरानंतर आवाज कमी ठेवा. काका परत वर आले तर त्यांच्या मते किशोर कुमार सोडून कोणालाच आत घ्यायचं नाय, आणि त्यांच्याशी भांडायची आमच्यात कोणाचीच टाप नाय.