सांध्यातलं पाणी आणि सायनोव्हियमचा तुकडा: या चुका टाळा

सुजलेल्या गुडघ्यातून काढलेलं पाणी किंवा सायनोव्हियमचा (सांध्याच्या आतल्या अस्तराचा) तुकडा लॅबमध्ये पोचतो तोवर निम्मा निकाल लागलेला असतो. चुकीच्या बाटलीत गेलेला नमुना पुढे उपचार करणाऱ्याच्या कामाचा राहत नाही आणि तक्रार झालीच तर चौकशी करणाऱ्याच्याही नाही. तरी त्याच चुका रोज समोर येतात.

सगळं सरसकट फॉर्मलिनमध्ये टाकणं

फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) जंतू मरतात, म्हणजे कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याचा) विषय संपला. गाउटचे (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचे) यूरेट स्फटिकही त्या पाणीदार द्रावणात विरघळतात. स्लाइडवर त्यांच्या जागी फिकट पुंजका आणि भोवती जमलेल्या जायंट सेल्स (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) एवढंच उरतं. तुकडा हातात आला की पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी आधी त्याचे वाटे करते. एक फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मलिन घालून. दुसरा निर्जंतुक बाटलीत कल्चरसाठी, क्षयाची शंका असेल तर त्याही कल्चरसाठी. गाउट वाटत असेल तर तिसरा ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये. ‘आधी फॉर्मलिनमध्ये टाका, मग बघू’ म्हणणाऱ्यांची घाई मला कधीच पटलेली नाही.

स्फटिक दिसले की तपास थांबवणं

मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये पोलराइज्ड (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) प्रकाशात यूरेट स्फटिक ओळखून दाखवले. कॉम्पेन्सेटरच्या (सूक्ष्मदर्शकात रंगफरक दाखवणाऱ्या पट्टीच्या) अक्षाला समांतर असताना पिवळी दिसणारी सुई म्हणजे यूरेट. निळा दिसणारा आखूड चौकोनी तुकडा म्हणजे कॅल्शियम पायरोफॉस्फेट, गाउटसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या आजाराचा स्फटिक. हे पहिल्यांदा जमलं की नवशिका हरखून जातो आणि लगेच ‘गाउट’ लिहून मोकळा होतो. पण गाउट आणि जंतुसंसर्ग एकाच गुडघ्यात एकाच वेळी असू शकतात.

अशाच एका प्रकरणाची फाइल मतासाठी माझ्याकडे आली होती. पाण्यात स्फटिक दिसले, कल्चर लावलंच नाही, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. काही दिवसांत गुडघा पुवाने भरला आणि कूर्चा गेली. कुटुंबाचं म्हणणं, संसर्ग आधीपासून होता आणि तो पाहिलाच नाही. रुग्णालयाचं म्हणणं, तो नंतर झाला. नंतर काढलेला तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मलिनमध्ये, आणि त्यातल्या न्यूट्रोफिलवरून (पुवातल्या पांढऱ्या पेशींवरून) दाह ताजा आहे एवढंच सांगता येत होतं, तो इंजेक्शनच्या आधीचा की नंतरचा हे नाही. पहिल्या पाण्याच्या बाटलीवर वेळ नव्हती, अँटिबायोटिक चालू होतं का याचीही नोंद नव्हती.

प्रकरण सुटलं ते लॅबमधल्या तंत्रज्ञाच्या सवयीमुळे. त्याने पहिल्याच दिवशी त्या पाण्याची एक जादा स्लाइड वाळवून, नाव-नंबर-तारीख घालून, न रंगवता ठेवली होती. तिला ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून दाखवणारी तपासणी) केलं, तर न्यूट्रोफिलच्या आत जांभळ्या कॉकायचे (गोल जंतूंचे) घोस स्पष्ट दिसले. जंतू इंजेक्शनच्या आधीपासून होते.

प्रत्येक सांध्याच्या पाण्याची अशी एक स्लाइड मी राखून ठेवायला लावते. कल्चरचं पाणी शक्यतो खाटेशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत जावं, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. ग्रॅम स्टेन निगेटिव्ह आलं म्हणून संसर्ग नाही असं समजू नका.

बाकीच्या, थोडक्यात

पावडर ईडीटीए किंवा लिथियम हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनांची ट्यूब नको, त्यांचेच स्फटिक फसवतात. आधी दिलेल्या स्टेरॉइडचे कणही पोलराइज्ड प्रकाशात चमकतात, म्हणून फॉर्मवर ते लिहा. पेशी मोजताना ॲसिटिक ॲसिड वापरू नका, पाणी साकळतं, सलाइन वापरा. पांढऱ्या पेशी दर घन मिलिमीटरला ५०,०००च्या खाली आहेत म्हणून संसर्ग नाकारू नका. गाउटच्या ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल असू शकतं.

तक्रार आल्यावर होणारी पळापळ

जुना रिपोर्ट ‘सुधारून’ पुन्हा छापणं ही मला सर्वांत संतापजनक वाटणारी गोष्ट. मत बदललं असेल तर खाली तारीख घालून पुरवणी जोडा, मूळ मजकुराला हात लावू नका. काढलेला कृत्रिम सांधा धुऊन फेकून देऊ नका. फोटो काढा, लॉट नंबर टिपा, सील करून ठेवा. शवविच्छेदन होणार असेल तर नळ्या, कॅन्युला, ड्रेन जिथे आहेत तिथेच राहू द्या, कारण त्यांची जागा हाच पुरावा असतो.

रिपोर्टमध्ये ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहू नका. पेशींत काय दिसलं, ते किती जुनं वाटतं, कोणत्या नमुन्यावरून कळलं, एवढं पॅथॉलॉजिस्टचं काम. उपचार चुकले का, हे त्या वेळी डॉक्टरसमोर काय माहिती होती यावर ठरतं, आणि ते ठरवणारे वेगळे असतात. दुसऱ्या मतासाठी स्लाइड मागितल्या तर ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या तुकड्यातून) नवे काप द्या. पाण्याच्या स्मिअरला (स्लाइडवर पसरवलेल्या थराला) मात्र ब्लॉक नसतो. तो पाठवण्याआधी फोटो काढा, पोच घ्या आणि कुणाच्या हाती, किती वाजता दिला हे रजिस्टरमध्ये लिहा.