तू, तुम्ही की आपण: संबोधन कसे निवडावे

अनोळखी प्रौढ व्यक्तीशी बोलताना सुरुवात ‘तुम्ही’नेच करावी, मग ती व्यक्ती बँकेतली अधिकारी असो, रिक्षाचालक असो वा घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी असोत, कपडे पाहून ‘तू’ म्हणणे हा उघड अपमान आहे. समोरच्याने स्वतःहून ‘मला अरे-तुरे कर’ असे सांगितले, तरच एकेरीवर यावे.

औपचारिक पत्रात किंवा निमंत्रणात ‘आपण’ वापरावे. मात्र एकदा ‘आपण यावे’ असे लिहिल्यावर पुढच्याच ओळीत ‘तुमची वाट पाहतो’ असे न लिहिता ‘आपली’ लिहावे.

खरी गफलत होते ती व्यक्ती समोर नसताना, कारण तोंडावर ‘या, बसा’ म्हणणारे अनेकजण पाठ फिरताच ‘साहेब आला होता’ म्हणतात. आदरार्थी बहुवचन क्रियापदातही पाळावे लागते: ‘सर आले’, ‘बाई आल्या’.

याला घरोघरी अपवाद आहेत. आईला आणि विठ्ठलाला आपण ‘तू’च म्हणतो, आणि त्यात अनादर कोणालाच दिसत नाही, अनेक घरांत वडिलांना मात्र ‘अहो बाबा’. भांडणात ‘तुम्ही’वरून अचानक ‘तू’वर घसरणे शिवीइतकेच लागते.