इलेक्ट्रॉन संरूपण लिहिताना या चुका टाळा: क्रम पाठ असूनही उत्तर का चुकते?

अणुअंक दिला की त्या मूलद्रव्याचे इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचाच्या कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन आहेत याची मांडणी, लिहिता येणे हे अकरावीच्या रसायनशास्त्रातले पायाभूत कौशल्य आहे. आवर्तसारणी, रासायनिक बंध आणि संक्रमण मूलद्रव्ये ही पुढची सगळी प्रकरणे त्यावर उभी राहतात. १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी हा तिरप्या बाणांचा क्रम (अंक कवचाचा, अक्षर त्यातल्या उपकवचाचे) बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो, आणि तरीही लोहाच्या आयनाचे संरूपण विचारले की उत्तर चुकते. दोष पाठांतराचा नसतो. हा क्रम नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. आवर्तसारणीत एका मूलद्रव्यावरून पुढच्यावर गेलो, म्हणजे केंद्रकात एक प्रोटॉन आणि बाहेर एक इलेक्ट्रॉन वाढला, की तो नवा इलेक्ट्रॉन साधारणपणे कोणत्या उपकवचात आढळतो, एवढेच हा क्रम सांगतो. एकाच अणूतून इलेक्ट्रॉन काढत गेल्यास काय होईल, याबद्दल तो काहीही सांगत नाही. खाली दिलेल्या बऱ्याचशा चुका हा फरक न ओळखल्यामुळे होतात.

२, ८, ८ नंतर काय?

शाळेत आपण के, एल, एम, एन ही कवचे शिकतो आणि तिसऱ्या कवचात जास्तीत जास्त १८ इलेक्ट्रॉन मावतात हेही शिकतो. मग पोटॅशिअम २, ८, ९ का नाही, हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळले जाऊ नये. १८ ही कवचाची कमाल क्षमता आहे. पुढचे कवच सुरू होण्याआधी ती पूर्ण भरलीच पाहिजे, असा नियम नाही. तिसऱ्या कवचातली ३एस आणि ३पी ही उपकवचे अरगॉनपाशी भरतात, आणि त्यानंतरचा इलेक्ट्रॉन पोटॅशिअममध्ये ३डी ऐवजी ४एस मध्ये आढळतो. म्हणून पोटॅशिअम २, ८, ८, १ आणि कॅल्शिअम २, ८, ८, २ असते. इथपर्यंत जमले की काही विद्यार्थी ‘तिसऱ्या कवचात आठच’ असे धरून चालतात आणि लोहासाठी २, ८, ८, ८ लिहितात, जे तितकेच चूक आहे. स्कँडिअमपासून ३डी भरू लागते, म्हणजे तिसरे कवच पुन्हा वाढू लागते, आणि लोह २, ८, १४, २ असे होते.

४एस आधी भरते, मग आधी रिकामेही का होते?

परीक्षेत सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा मुद्दा सावकाश पाहायला हवा. लोहाचा अणुअंक २६ असून त्याचे संरूपण [अरगॉन] ३डी⁶ ४एस² आहे; कंसातले [अरगॉन] म्हणजे अरगॉनचे १८ इलेक्ट्रॉन, आणि वरचा लहान अंक म्हणजे त्या उपकवचातले इलेक्ट्रॉन. फेरस (+२) आयनात दोन इलेक्ट्रॉन कमी असतात. क्रमात ३डी शेवटी आले होते, तेव्हा काढतानाही तिथूनच काढायचे, असे समजून विद्यार्थी [अरगॉन] ३डी⁴ ४एस² लिहितात. बरोबर उत्तर [अरगॉन] ३डी⁶ आहे, कारण दोन्ही इलेक्ट्रॉन ४एस मधून जातात. दुसरा मार्ग वरवर अधिक तर्कशुद्ध वाटतो, पण तोही चुकतो: उरलेले २४ इलेक्ट्रॉन मोजायचे आणि अणुअंक २४ असलेल्या क्रोमिअमचे संरूपण उतरवायचे. क्रोमिअमचा उदासीन अणू [अरगॉन] ३डी⁵ ४एस¹ असतो, तर फेरस आयन [अरगॉन] ३डी⁶ असतो. इलेक्ट्रॉनांची संख्या सारखी असली तरी एका केंद्रकात २४ आणि दुसऱ्यात २६ प्रोटॉन आहेत, आणि संरूपण या दोन्ही संख्यांवर अवलंबून असते.

या वागण्याचे कारण असे, की उपकवचाची ऊर्जा ही एकदा ठरली की सर्व मूलद्रव्यांना लागू होणारी गोष्ट नाही. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असल्याने ३एस, ३पी आणि ३डी यांची ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. इलेक्ट्रॉन वाढले की आतले इलेक्ट्रॉन बाहेरच्यांपासून केंद्रकाचे आकर्षण काही प्रमाणात झाकतात. एस प्रकारच्या कक्षकातील (कक्षक म्हणजे उपकवचातली दोन इलेक्ट्रॉन मावणारी जागा) इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळही सापडू शकतो, त्यामुळे तो या आडोशातून आत शिरतो आणि त्याची ऊर्जा खाली येते, तर डी कक्षकातील इलेक्ट्रॉनला हे फारसे जमत नाही. पोटॅशिअममध्ये हा परिणाम इतका तीव्र असतो, की त्याच्या बाह्य इलेक्ट्रॉनची ३डी अवस्था ४एस च्याच नव्हे, तर ४पी आणि ५एस च्याही वर असते. पाठ केलेल्या क्रमाकडे ऊर्जेची चढती यादी म्हणून पाहणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे, कारण त्या यादीत ३डी हे ४पी च्या आधी येते. पुढे स्कँडिअमपर्यंत पोहोचताना केंद्रकावरील वाढत्या प्रभारामुळे आकाराने लहान असलेले ३डी वेगाने खाली ओढले जाते, आणि मग ४एस पेक्षा ३डी मधला इलेक्ट्रॉन अधिक घट्ट बांधलेला असतो.

मग स्कँडिअमचे तिन्ही बाह्य इलेक्ट्रॉन ३डी मध्येच का जात नाहीत? कारण ३डी कक्षके लहान आणि दाट असतात. तिथे गर्दी झाली की इलेक्ट्रॉनांमधले अपकर्षण बरेच वाढते. दोन इलेक्ट्रॉन पसरट ४एस मध्ये ठेवल्यास संपूर्ण अणूची एकूण ऊर्जा कमी राहते, आणि निसर्गात एका इलेक्ट्रॉनची नव्हे, तर अणूची एकूण ऊर्जा किमान होत असते. स्कँडिअम आणि त्याचे आयन यांच्या वर्णपटांतून ही गोष्ट स्वच्छ दिसते: उदासीन अणू ३डी¹ ४एस², +१ आयन ३डी¹ ४एस¹, +२ आयन ३डी¹, आणि +३ आयन म्हणजे नुसते अरगॉनचे संरूपण. ३डी मधला तो एकटा इलेक्ट्रॉन सर्वांत शेवटी जातो.

आपले उत्तर पडताळायचे असेल, तर चुंबकीय गुणधर्म मदतीला येतात. अयुग्मित, म्हणजे कक्षकात जोडीदार नसलेल्या, इलेक्ट्रॉनांची संख्या घ्यावी, तिला त्याच संख्येत २ मिळवून येणाऱ्या संख्येने गुणावे आणि वर्गमूळ काढावे; बोर मॅग्नेटॉन या एककात चुंबकीय आघूर्णाचा अंदाज मिळतो. फेरिक (+३) आयनाचे बरोबर संरूपण ३डी⁵ असून त्यात पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे अंदाज ५.९२ येतो. चुकीच्या पद्धतीने ३डी³ ४एस² लिहिले तर तीनच अयुग्मित इलेक्ट्रॉन उरतात आणि अंदाज ३.८७ येतो. अनेक फेरिक संयुगांत प्रत्यक्ष मोजमाप ५.९ च्या आसपास येते. जस्ताचे उदाहरण याहून सोपे आहे: +२ आयन ३डी⁸ ४एस² असता, तर त्यात दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असते आणि जस्ताची साधी संयुगे चुंबकाकडे ओढली गेली असती. तसे होत नाही, कारण तो आयन ३डी¹⁰ आहे. फेरस आयनाच्या बाबतीत मात्र ही कसोटी उपयोगाची नाही, कारण चूक आणि बरोबर अशा दोन्ही संरूपणांत अयुग्मित इलेक्ट्रॉन चारच येतात. म्हणून शिक्षकांनी हा मुद्दा समजावताना फेरिक किंवा मँगनीजचा +२ आयन घ्यावा.

लिहिण्याची एक साधी सवय या चुकीपासून वाचवते. भरताना कोणताही क्रम वापरावा, पण उत्तर लिहिताना कवचाच्या क्रमांकानुसार मांडणी करावी, म्हणजे ३डी आधी आणि ४एस नंतर. मग आयनासाठी उजवीकडच्या टोकाकडून इलेक्ट्रॉन काढले की उत्तर आपोआप बरोबर येते.

क्रोमिअम, तांबे आणि अर्धवट स्पष्टीकरण

क्रोमिअम ३डी⁵ ४एस¹ आणि तांबे ३डी¹⁰ ४एस¹ हे अपवाद सर्वांना शिकवले जातात, आणि सोबत ‘अर्धे किंवा पूर्ण भरलेले उपकवच अधिक स्थिर असते’ हे कारणही दिले जाते. परीक्षेसाठी हे वाक्य लिहावे, त्यात तथ्य आहे. मात्र त्याच्या आधारे इतर मूलद्रव्यांची संरूपणे बनवू नयेत. क्रोमिअमच्याच गटात खाली मोलिब्डेनम ४डी⁵ ५एस¹ असे अपेक्षेप्रमाणे वागते, पण त्याखालचे टंगस्टन ५डी⁴ ६एस² आहे. नायोबिअम ४डी⁴ ५एस¹, रुथेनिअम ४डी⁷ ५एस¹, ऱ्होडिअम ४डी⁸ ५एस¹ आणि प्लॅटिनम ५डी⁹ ६एस¹ यांच्यात डी उपकवच अर्धेही भरलेले नाही आणि पूर्णही नाही, तरीही एस मधला एक इलेक्ट्रॉन डी मध्ये आहे. पॅलॅडिअममध्ये तर ४डी¹⁰ असून ५एस रिकामे आहे. ४डी कक्षके ३डी पेक्षा पसरट असल्यामुळे तिथल्या गर्दीचा त्रास कमी होतो, हे त्यामागचे एक कारण आहे. टंगस्टनसारख्या जड अणूत सापेक्षतावादी परिणामांमुळे ६एस आकुंचन पावते आणि तिथली जोडी टिकते.

संरूपण हे नियमातून सिद्ध होत नाही, ते प्रयोगातून, प्रामुख्याने वर्णपटांच्या अभ्यासातून, ठरते; नियम त्याचा सारांश आहे. माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जाणारा भरण्याचा क्रम १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याच्या आधीच, १९२२ मध्ये, श्टर्न आणि गेर्लाख या भौतिकशास्त्रज्ञांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून पाठवला होता आणि तो दोनच भागांत विभागला गेला होता. चांदीचे संरूपण [क्रिप्टॉन] ४डी¹⁰ ५एस¹ आहे, याच्याशी हे जुळते. ४डी⁹ ५एस² असते, तर झोताचे दोनाहून अधिक भाग झाले असते. म्हणून चौथ्या ओळीतले दोन अपवाद आणि त्यांच्या गटांतले मोलिब्डेनम, चांदी, सोने एवढे लक्षात ठेवावे, आणि बाकीच्यांसाठी निःसंकोचपणे तक्ता पाहावा. लॅन्थॅनम ५डी¹ ६एस² आणि गॅडोलिनिअम ४एफ⁷ ५डी¹ ६एस² यांच्या बाबतीतही तोच मार्ग योग्य आहे.

संक्षिप्त लेखनातल्या चुका

कंसात नेहमी आधीचा निष्क्रिय वायूच घ्यावा. डी उपकवचाचा क्रमांक आवर्ताच्या क्रमांकापेक्षा एकने कमी आणि एफ चा दोनने कमी असतो. लोह चौथ्या आवर्तात आहे म्हणून ४डी⁶ लिहिणे ही फार आढळणारी चूक आहे. पी खंडातल्या जड मूलद्रव्यांत आतले डी आणि एफ विसरले जातात: शिशाचे संरूपण [झेनॉन] ६एस² ६पी² असे लिहिलेले मी अनेक वह्यांमध्ये पाहिले आहे. बेरीज केली तर ५४ आणि ४ मिळून ५८ होतात, म्हणजे ते शिसे नाही, हे लगेच कळते. [झेनॉन] ४एफ¹⁴ ५डी¹⁰ ६एस² ६पी² लिहिले की ८२ पूर्ण होतात. बेरजेला काही सेकंद लागतात आणि ती प्रत्येक उत्तराखाली करावी. ऋण आयनात इलेक्ट्रॉन मिळवायचे असतात, वजा करायचे नसतात, ही चूकही तिथेच पकडली जाते.

संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बंधात भाग घेऊ शकणारे बाहेरचे इलेक्ट्रॉन, मोजताना उलट चूक होते. ब्रोमीन [अरगॉन] ३डी¹⁰ ४एस² ४पी⁵ आहे आणि त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन १७ नसून ७ आहेत. पूर्ण भरलेले ३डी तिथे गाभ्याचा भाग झालेले असते.

चौकटी आणि बाण

नायट्रोजनच्या २पी मधले तीन इलेक्ट्रॉन तीन वेगवेगळ्या चौकटींत, एकाच दिशेच्या बाणांनी दाखवावेत (चौकट म्हणजे एक कक्षक, बाणाची दिशा म्हणजे इलेक्ट्रॉनची फिरकी), असे हुंडचा नियम सांगतो. ते तिन्ही वर दाखवले काय किंवा तिन्ही खाली दाखवले काय, दोन्ही बरोबर आहे. कार्बनचे दोन इलेक्ट्रॉन पहिल्या दोन चौकटींतच हवेत, असा आग्रहही चुकीचा आहे, कारण तिन्ही पी कक्षकांची ऊर्जा समान असते. एका चौकटीत एकाच दिशेचे दोन बाण मात्र कधीच चालणार नाहीत, कारण पाउली यांचे १९२५ चे अपवर्जन तत्त्व त्याला मनाई करते.

यातूनच शेवटचा भेद स्पष्ट होतो, जो तपासणाऱ्यांनीही पाळायला हवा. १एस² २एस² २पी⁷ हे संरूपण अशक्य आहे, कारण पी मध्ये सहाच इलेक्ट्रॉन मावतात. कार्बनसाठी १एस² २एस¹ २पी³ हे अशक्य नाही. ती उत्तेजित अवस्था आहे, आणि प्रश्नात मूळ, म्हणजे किमान ऊर्जेची, अवस्था विचारली असेल तरच ते उत्तर चूक ठरते. सोडिअमचा बाह्य इलेक्ट्रॉन ३एस मधून ३पी मध्ये गेला, तर [निऑन] ३पी¹ असे संरूपण होते, आणि तो परत ३एस मध्ये येताना सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. रस्त्यावरच्या जुन्या सोडिअम दिव्यांचा पिवळेपणा मुख्यतः याच संक्रमणामुळे असतो. म्हणून भरण्याच्या क्रमाशी न जुळणारे संरूपण समोर आले, की आधी पाउलीचे तत्त्व आणि उपकवचाची क्षमता तपासावी. ती पाळलेली असतील, तर ते संरूपण मूळ अवस्थेचे आहे, उत्तेजित अवस्थेचे आहे, की क्रोमिअमसारख्या एखाद्या अपवादाचे आहे, एवढेच ठरवायचे उरते.