अमिगावर रंग बिघडलेली चित्रं

अमिगा ५०० या जुन्या घरगुती संगणकावर काही जुनी आयएफएफ (अमिगावरचा चित्र-फाइलचा प्रकार) चित्रं उघडली की आकार जागच्या जागी, पण रंगांचा नुसता चिखल. कन्व्हर्टर बदलूनही तेच.

शेवटी फाइल हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटांच्या रूपात पाहिली. बिटप्लेन (दर पिक्सेलमागे बिट) ६, सीमॅप (रंगांची यादी) ४८ बाइटांचा म्हणजे रंगाला ३ बाइट धरून १६ रंग, आणि डिस्प्ले मोड सांगणारा सीएएमजी चंक (फाइलचा एक भाग) गायब! व्ह्यूअर बिचारा हाफब्राइट हा मोड धरून चालला होता. हाफब्राइटला यादीत ३२ रंग लागतात. १६ असतील तर चित्र बहुधा हॅम या दुसऱ्या मोडचं. हॅममध्ये बरेचसे पिक्सेल डावीकडच्या पिक्सेलचा लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच घटक बदलतात, त्यामुळे मोड चुकला की सगळंच फिसकटतं.

व्ह्यूअरमध्ये हॅम सक्तीनं निवडला, चित्र लख्ख उमटलं. लगेच आयएफएफमध्येच सेव्ह केलं. नव्या फाइलीत सीएएमजी आला. जीआयएफ करू नका, २५६ रंगांत आकाशाला पट्टे पडतात.