मधपेटी ऐकायला शिकताना

ठाण्यात ओवळ्याच्या एका वाडीत मी सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या सांभाळते. पहिल्या दिवशी वाडीतल्या काकांनी मला झाकणाला हातच लावू दिला नाही. म्हणाले, "पोरी, उघडायची घाई नको. आधी कान लाव." मी पेटीच्या फळीला कान लावला, तर ऐकू आली घोडबंदर रोडवरच्या ट्रेलरची घरघर! पेटीतला आवाज वेगळा ओळखू यायला मला पंधरा दिवस लागले. म्हणून नवीन शिकणाऱ्यांना सांगते, पहाटे उजाडता उजाडता जा आणि साधा स्टेथोस्कोप न्या. तो फळीवर टेकवला की रस्ता बराचसा मागे पडतो.

सगळ्यात आधी आपल्या पेटीचा रोजचा आवाज कानात बसू द्या. तो बसला नसेल तर बाकीचं काही कळत नाही. मी रोज त्याच वेळी मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचे आणि वहीत पाऊस, ऊन, फुलोरा लिहायचे.

मग पेटीवर बोटाने हलकी टिचकी मारून बघा. सातेरी एकदम 'फुस्स' करते, सगळ्या माश्या मिळून. नवख्याला वाटतं चिडल्या. पण ती त्यांची सवयच आहे. लक्ष द्यायचं ते पुढच्या क्षणाकडे. वसाहत सुखात असेल तर आवाज लगेच विरतो. राणी नसेल तर तो कण्हल्यासारखा लांबत राहतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका पावसाळ्यात पेटी तशी कण्हत होती आणि मी ते पावसावर ढकललं. पंधरा दिवसांनी पोळ्याची चौकट उचलली तर पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, काही तर भिंतीला चिकटलेली. राणी गेली होती आणि कामकरी माश्या अंडी घालायला लागल्या होत्या. त्या अंड्यांतून नुसते नर निघतात. ती वसाहत मला वाचवता आली नाही. तेव्हापासून, आवाज लांबला की त्याच दिवशी चौकट बघायची आणि ताजी अंडी शोधायची, हा माझा नियम आहे. आवाज फक्त संशय देतो, खात्री डोळ्यांनीच करायची.

एप्रिल-मेमध्ये दारातून सलग घुंईऽऽ येते, ती पंखांची. पिल्लांजवळ ३५ अंशांच्या आसपास तापमान राखायला माश्या वारा घालतात. सातेरी तोंड बाहेर करून वारा घालते, मेलिफेरा (पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी) आत करून. दाराशी बसून हे नक्की बघा. पेटीवर सावली करा, जवळ पाणी ठेवा, एवढं पुरे.

आणि राणीची हाक! एका हिवाळ्यात संध्याकाळी स्टेथोस्कोप लावला, तर त्या गुंजारवातून वेगळाच बारीक, स्वच्छ सूर आला. आधी एक लांब 'टूऽऽऽ', मग तुटक 'टू, टू, टू'. अंगावर काटा आला. राणीकोशातून (नवी राणी वाढते ते पोळ्यातलं घर) नुकतीच बाहेर आलेली राणी छाती पोळ्यावर दाबते आणि पंख न फडकवता उडण्याचे स्नायू थरथरवते. मेलिफेरात हा सूर साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे हार्मोनियमवर काळी चारच्या जवळ. मेलिफेराच्या कोशात अडकलेल्या राण्या त्याला खालच्या, तुटक 'क्वाक-क्वाक'ने उत्तर देतात. माश्यांना आपल्यासारखे कान नाहीत. पोळ्यातली ही थरथर त्यांना पायांतून कळते.

ही हाक ऐकू आली तर समजा, बहुधा जुनी राणी एक झुंड घेऊन आधीच गेली आहे आणि दुसरी निघू शकते. मला ते माहीत नव्हतं. दोन दिवसांनी निम्म्या माश्या शेजारच्या आंब्यावर लोंबत होत्या. आता मी हाक ऐकली की दुसऱ्या सकाळी जादा राणीकोश काढते, किंवा रिकामी पेटी तयार असेल तर वसाहतीची विभागणी करते.

एक मात्र कळकळीने सांगते. सोसायटीच्या टाकीखाली किंवा गच्चीच्या कडेला लटकलेलं मोठं, उघडं पोळं आग्या माश्यांचं असतं. तिथे ना टिचकी, ना स्टेथोस्कोप. शिकायचं ते पेटीतल्या सातेरीवर, आणि तेही कुणा जाणत्याबरोबर. रीतसर शिकायचं असेल तर महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जाताना आपली रेकॉर्डिंगं आणि वही सोबत न्या.